घरात न शिरलेला संगणक

बाजारात यशस्वी ठरलेल्या वस्तूंचा इतिहास कंपन्या स्वतःच्या खर्चाने लिहवून घेतात. अपयशी वस्तूंच्या वाट्याला फार तर जुन्या बाजारातील एखादी फळी येते. अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने मात्र या दुसऱ्या प्रकारच्या वस्तूंकडे अधिक बारकाईने पाहावे असे आम्हांस वाटते. वस्तू खपली म्हणजे तिच्या यशाची दहा कारणे सांगणारे दहाजण पुढे येतात आणि त्यांतील खरे कारण कोणते हे कळेनासे होते. वस्तू पडून राहिली म्हणजे समाजाची ऐपत, त्याच्या सवयी आणि त्याच्या गरजा यांचे नेमके दर्शन घडते. १९८६ साली डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या भारतीय कंपनीने परवाना घेऊन ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ नावाचा गृहसंगणक आपल्याकडे विक्रीस आणला. काही हजार यंत्रे विकली गेली, आणि १९९० च्या सुमारास तो बाजार आटला. १९८१ च्या जनगणनेत ज्या देशाची लोकसंख्या अडुसष्ट कोटींवर भरली होती, त्या देशात घरगुती वापराची वस्तू म्हणून हा आकडा नगण्यच म्हटला पाहिजे. आज पन्नाशी उलटलेल्या वाचकांपैकीही फारच थोड्यांना त्या यंत्राचे नाव आठवेल. तथापि शाळा-महाविद्यालयांतून सार्वजनिक पैशाने पडदे, टॅब्लेट आणि ‘स्मार्ट’ फळे यांची खरेदी ज्या उत्साहाने होत असते तो पाहता, त्या विसरलेल्या यंत्राचा हिशेब पुन्हा एकदा मांडणे अगत्याचे आहे.

मूळ यंत्र इंग्लंडचे. क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने एप्रिल १९८२ मध्ये ‘झेडएक्स स्पेक्ट्रम’ बाजारात आणला. ४८ किलोबाइट स्मृती, झेड-८० जातीचा प्रक्रियक आणि रबरी कळांचा एक लहानसा फलक, एवढाच त्याचा संसार. आजच्या मोबाइलवरील एक साधे छायाचित्रदेखील या स्मृतीत मावणार नाही. त्याला स्वतःचा पडदा नव्हता, तो घरातील दूरचित्रवाणी संचाला जोडावा लागे. आज्ञावली साठविण्याकरिता गाण्यांचा साधा कॅसेट रेकॉर्डर वापरावयाचा, आणि एखादी मोठी आज्ञावली फितीवरून यंत्रात उतरेपर्यंत पाच मिनिटे तो कर्कश आवाज ऐकत बसावयाचे. मध्येच वीज गेली तर सारे पुसले जाई व पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. असे असूनही त्या यंत्राच्या सर्व आवृत्त्या मिळून जगात पन्नास लाखांहून अधिक नग खपले. ४८ किलोबाइटच्या यंत्राची आरंभीची किंमत १७५ पौंड, म्हणजे तेथील पुरुष कामगाराच्या साधारण सव्वा आठवड्याच्या सरासरी वेतनाइतकी होती.

आता हीच रक्कम आपल्या मापाने मोजू. त्या वेळच्या विनिमय दराने १७५ पौंडांचे तीन हजार रुपयांच्या आतबाहेर होतात. भारताचे दरडोई वार्षिक उत्पन्न तेव्हा दोन हजार रुपयांच्या आसपास होते. तिकडे आठवडाभराची कमाई आणि इकडे दीड वर्षाची, असे हे अंतर. त्यात आयातशुल्काची भर वेगळीच. ‘महाग होता म्हणून खपला नाही’ एवढे म्हणून अनेकजण या विषयावर पडदा टाकतात. वरवर पाहता ते पटतेही. परंतु हे उत्तर पुरे पडत नाही, असे आमचे मत आहे.

कारण ते दशक आठवून पाहावे. बजाजच्या स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षे नाव नोंदवून बसत, आणि ज्याचा नंबर लागे तो ती अधिक पैसे घेऊन दुसऱ्यास विकू शके. दूरध्वनीसाठी अर्ज केलेला गृहस्थ सेवानिवृत्त झाल्यावर यंत्र घरी येई, असा विनोद सर्रास केला जाई. टंचाईची अर्थव्यवस्था तिलाच म्हणत. मध्यमवर्गाच्या हाती पैसा नव्हता असे नव्हे. रंगीत दूरचित्रवाणीचे १९८२ मध्ये आगमन झाल्यावर त्या संचांसाठी सहकारी पतपेढ्यांतून कर्जे काढली गेली, शिलाई यंत्रे आणि मिक्सर हप्त्यांवर उचलले गेले. जेथे जवळजवळ प्रत्येक टिकाऊ वस्तूसाठी रांग लागत होती, तेथे या एका वस्तूसाठी रांग लागली नाही. मग प्रश्न किमतीचा न राहता उपयुक्ततेचा होतो. शिलाई यंत्र घेतलेली गृहिणी शेजारणीचे पोलके शिवून हप्ता फेडू शकत होती, स्कूटर कामावर पोचवीत होती. संगणक घेतलेल्या घराने त्याचे काय करावयाचे होते?

पाठ्यपुस्तकात पूरक वस्तूंचे प्रकरण शिकविताना चहा-साखर आणि मोटार-पेट्रोल ही ठरलेली उदाहरणे दिली जातात. आमच्या वर्गात आम्ही गृहसंगणकाचे उदाहरण घेतो, कारण त्यात पूरक वस्तूंची यादी संपतच नाही. दूरचित्रवाणी संच हवा, कॅसेट रेकॉर्डर हवा, स्थिर दाबाची वीज हवी, आज्ञावलींच्या फिती हव्यात, पुस्तके हवीत, आणि अडले तर विचारण्यासाठी जाणता माणूस हवा. यांपैकी पहिलीच वस्तू घ्या. घरात दूरचित्रवाणी संच एकच. तो दिवाणखान्यात, म्हणजे बहुतेक घरांत एकुलत्या एका खोलीत. २५ जानेवारी १९८७ रोजी ‘रामायण’ मालिका सुरू झाली आणि ३१ जुलै १९८८ पर्यंत रविवारची सकाळ तिने व्यापून टाकली. मुलाला सुट्टी त्याच दिवशी. त्याने संचाच्या मागची तार काढून तेथे संगणकाची जोडावी आणि आजी-आजोबांसह शेजाऱ्यांनी त्याची आकडेमोड पाहत बसावे, हे कोणत्या घरात घडले असते? संगणकाची खरी किंमत छापील किमतीपेक्षा अधिक होती. घरातल्या सर्वांनी एका मुलासाठी सोडावयाच्या करमणुकीची किंमत तीत मिळवावी लागते. अर्थशास्त्रात यास संधित्याग खर्च म्हणतात. हा मुद्दा सांगितला तेव्हा एका विद्यार्थिनीने पटकन विचारले, “आणि सर, मुलगी असती तर?” पुस्तकात या प्रश्नाचे उत्तर नाही. तिला मात्र ते ठाऊक असावे.

आमच्या अंबड-सिडको भागापुरते बोलावयाचे तर सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांत खानदेशातून व जिल्ह्याच्या इतर तालुक्यांतून आलेली माणसे सिडकोच्या योजनांतील लहान घरांत राहू लागली. या घरांत टेबल ठेवण्यास जागा काढणे हाच एक प्रकल्प असे. पहिल्या पाळीहून आलेला माणूस दुपारी झोपलेला, त्याच खोलीत मुलांचा अभ्यास आणि त्याच खोलीत पाहुणे. संगणकाने अशा घरात शिरावयाचे म्हणजे त्याला भिंतीलगत हातभर तरी जागा हवी होती. पुढे संगणक अंबडमध्ये आला तो घराच्या दाराने नव्हे. तो आला कारखान्याच्या दाराने. मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पुरविणाऱ्या शेडमधून आकड्यांच्या आज्ञेवर चालणारी सीएनसी यंत्रे बसली तेव्हा. तेथे त्याच्या प्रत्येक तासाचा मोबदला दाखविता येत होता, म्हणून कर्जही मिळत होते.

भाषेचा प्रश्न याहून खोल आहे. स्पेक्ट्रमच्या एकेका कळीवर पाच-सहा इंग्रजी शब्द आणि चिन्हे छापलेली असत. एक कळ दाबली की ‘प्रिंट’ हा संपूर्ण शब्द पडद्यावर उमटे. लंडनच्या मुलाला ही सोय वाटे. नगरपालिकेच्या मराठी शाळेतून आलेल्या मुलापुढे मात्र ती चाळीस कळांची अभेद्य भिंत होती. गंमत अशी की, वापरणाऱ्याने स्वतः चौकटी भरून आखावीत अशी एकवीस चिन्हे त्या यंत्राने राखून ठेवली होती. आठ आडव्या आणि आठ उभ्या चौकटींत एखाद्या हौशी मुलास ‘क’ काढता आला असता. पण स्वर, व्यंजने, काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षरे एवढा सारा परिवार एकवीस खणांत कोठून बसणार? याच दशकात भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे महत्त्वाचे काम कानपूरच्या आयआयटीत चालले होते, आणि १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने ते पुढे नेले. ते काम मोठे होते यात शंका नाही. पण त्याचा मार्ग शासकीय कचेऱ्या आणि छापखाने यांच्याकडे जाणारा होता. घरातील मुलाचे स्वस्त यंत्र आणि मराठी अक्षर यांची गाठ त्या दशकात पडलीच नाही.

१९८६ हे वर्ष या दृष्टीने मोठे बोधप्रद आहे. त्या वर्षी भारतात स्पेक्ट्रम प्लस आला. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये इंग्लंडात सिंक्लेअर यांनी आपला संगणकाचा व्यवसाय अवघ्या पन्नास लाख पौंडांना अ‍ॅमस्ट्रॅड कंपनीस विकून टाकला होता. म्हणजे तिकडे निर्माता मैदान सोडीत असताना इकडे त्याच्या वस्तूचे स्वागत चालले होते. नोव्हेंबर १९८४ च्या संगणक धोरणाने आयात आणि उत्पादन यांवरील बंधने सैल केली खरी, पण तोवर जगाचा प्रवाह आयबीएमच्या धर्तीच्या यंत्रांकडे वळला होता. आणि तिसरी घटना. त्याच १९८६ मध्ये मुंबईत अ‍ॅपटेक ही संगणक शिकविणारी संस्था निघाली. दिल्लीत एनआयआयटी त्यापूर्वीच, १९८१ मध्ये, सुरू झाली होती. यंत्र विकणारा हरला आणि वर्ग चालविणारा जिंकला. याचे कारण मराठी मध्यमवर्गाला, आणि कामगारवर्गालाही, अचूक ठाऊक होते. त्याला संगणक नको होता, संगणक आल्याचे प्रमाणपत्र हवे होते. टंकलेखनाच्या शासकीय परीक्षांसाठी पिढ्यान्‌पिढ्या मुले-मुली गल्लीतल्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये जात, पण टंकयंत्र कोणी घरी आणीत नसे. नोकरीच्या मागणीतून निघालेली ही व्युत्पन्न मागणी होती, आणि ती सामुदायिक यंत्रावर तासाच्या हिशेबाने भागत होती. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने ही नाडी बरोबर ओळखली. संगणकाची ओळख राज्याच्या तालुक्या-तालुक्यांत पोचली ती अशी, भाड्याच्या गाळ्यातून आणि प्रमाणपत्राच्या पायवाटेने. या व्यवहारी शहाणपणाची टिंगल करण्याचे कारण नाही. मात्र त्याची एक किंमत आपण दिली, तिच्याकडे पुढे वळू.

गृहसंगणकाचे अपयश केवळ गरीब देशांच्या वाट्यास आले असे कोणी समजू नये. अमेरिकेत टेक्सास इन्स्ट्रुमेंट्ससारख्या बलाढ्य कंपनीने आपला गृहसंगणक किंमतयुद्धात शंभर डॉलरपर्यंत खाली आणला, लाखो नग विकले, आणि ऑक्टोबर १९८३ मध्ये प्रचंड तोटा सोसून या धंद्यातून अंग काढून घेतले. यंत्र तोट्यात विकावे व आज्ञावलींवर नफा कमवावा, आणि तो नफा दुसऱ्यास मिळू नये म्हणून इतरांच्या आज्ञावलींना आडकाठी करावी, असे तिचे गणित होते. पूरक वस्तू स्वतःच्या मुठीत ठेवण्याच्या हव्यासाने मूळ वस्तूच मारली. इंग्लंडातच स्पेक्ट्रम घडविणाऱ्यांपैकी दोघांनी बाहेर पडून ‘ज्युपिटर एस’ नावाचे यंत्र काढले. जाणकारांनी त्याची तारीफ केली. पण त्याची भाषा सर्वांहून निराळी, पडदा कृष्णधवल, आणि त्यासाठी पुस्तके वा खेळ लिहिणारे कोणी नाही. दोन वर्षांच्या आत ती कंपनी बुडाली. स्वस्ताई आणि गुणवत्ता या दोहोंपैकी एकही गोष्ट एकटीने पुरत नाही, हे या दोन उदाहरणांत दिसते.

याउलट यशाची एक तजवीज पाहण्यासारखी आहे. बीबीसीने १९८१ च्या अखेरीस एकॉर्न कंपनीकडून स्वतःच्या नावाचा संगणक काढविला, तो स्पेक्ट्रमच्या मानाने चांगलाच महाग होता. पण जानेवारी १९८२ पासून बीबीसीने त्याबरोबर दूरचित्रवाणीवर संगणकाची ओळख करून देणारी मालिका चालविली, पुस्तके काढली, आणि सरकारने शाळांना यंत्राच्या निम्म्या किमतीचा भार उचलण्याची योजना आखली. मागणी आपोआप उगवत नसते. तिची मशागत करावी लागते, आणि ती बव्हंशी सार्वजनिक खर्चाने होते, हे बाजारपेठेचे गोडवे गाणाऱ्या त्या थॅचरबाईंच्या राज्यातही मान्य झाले होते.

हाच बीबीसीचा संगणक आपणही आणला. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने आणि शिक्षण मंत्रालयाने ‘क्लास’ या नावाने प्रकल्प सुरू करून सुमारे अडीचशे माध्यमिक शाळांत ही यंत्रे बसविली. पुढे शाळांची संख्या अडीच हजारांवर गेली. कल्पना उत्तम होती. एका घरास जे परवडत नाही ते एका शाळेस परवडते, हे अगदी रास्त अर्थशास्त्र. परंतु यंत्राबरोबर जी मशागत इंग्लंडात झाली ती आपण आणली नाही. आरंभीच्या आज्ञावली बहुतांश तिकडच्याच. शिक्षकांचे प्रशिक्षण तोकडे, आणि संगणकाचा तास परीक्षेच्या विषयांच्या बाहेर. ज्या विषयाला गुण नाहीत त्याला आपल्या शाळेत प्रतिष्ठा नाही, हे सांगावयास तज्ज्ञ समिती नको. यंत्र शाळेत आले, पण शिक्षणक्रमात मुरले नाही.

आता त्या किमतीकडे वळू. स्पेक्ट्रम सुरू केला की पडद्यावर निर्मात्याच्या नावाची एक ओळ उमटे आणि यंत्र आज्ञेची वाट पाहत स्तब्ध राही. त्यात पाहण्यासारखे काहीच नव्हते. मुलाने काही लिहिले तरच काही घडे, आणि चुकीचे लिहिले तर यंत्र चूक दाखवून पुन्हा वाट पाहत बसे. हा संवाद ज्यांना बालपणी लाभला त्यांच्यातून इंग्लंडचा संगणकीय खेळांचा मोठा उद्योग उभा राहिला. आमच्याकडे प्रमाणपत्राच्या वाटेने गेलेल्या पिढीने दुसऱ्याने लिहिलेली आज्ञावली चालविण्याचे कौशल्य मिळविले. पत्र टंकित करणे, तक्ता भरणे, हिशेब ठेवणे. ते पोटापाण्यास उपयोगी पडले. पण यंत्राला स्वतःची आज्ञा देण्याची उमेद फार थोड्यांच्या वाट्यास आली. आज प्रत्येक घरात स्पेक्ट्रमच्या कितीतरी हजारपट स्मृतीचा संगणक मोबाइलच्या रूपाने आहे, आणि तो उघडताच पाहण्यासारखे इतके काही समोर येते की, लिहिण्याची वेळच येत नाही. विक्रीच्या आकड्यांत मोबाइल पहिला आणि डीबी स्पेक्ट्रम शेवटचा. मुलाच्या बुद्धीस काम देण्याच्या कसोटीवर हा क्रम उलटा लागेल, असे आम्ही जबाबदारीने म्हणतो. केंब्रिजमधील काही मंडळींना ही उणीव जाणवली. विद्यापीठात येणाऱ्या मुलांना आज्ञावली लिहिण्याचा पूर्वीसारखा सराव उरला नाही, हे पाहून त्यांनी २०१२ मध्ये ‘रास्पबेरी पाय’ हा स्वस्त संगणक काढला. तोही दूरचित्रवाणीला जोडता येतो, तोही सुटा. सिंक्लेअर यांची कल्पना तीस वर्षांनी परत आली, आणि या खेपेस कोट्यवधींनी खपली.

आपल्याकडे मात्र याच सुमारास ‘आकाश’ टॅब्लेटचा प्रयोग झाला. ५ ऑक्टोबर २०११ रोजी मोठ्या समारंभाने त्याचे अनावरण झाले. सरकारला पडणारी किंमत २,२७६ रुपये, जगातील सर्वांत स्वस्त म्हणून तिचा गाजावाजा. चर्चा सारी किमतीची. पडदा आणि बॅटरी यांच्या तक्रारी आल्या, पुढे जबाबदारी मुंबईच्या आयआयटीकडे गेली, सुधारलेली आवृत्ती निघाली, आणि काही वर्षांत योजना गुंडाळली गेली. स्वस्त वस्तू म्हणजे सुलभ वस्तू, हा १९८६ चा समज पंचवीस वर्षांनीही तसाच होता.

२०२० मध्ये टाळेबंदीत शाळा मोबाइलवर भरू लागल्या तेव्हा एका संचाचा जुना प्रश्न पुन्हा उभा राहिला. कारखाने सुरू झाले, बाप फोन खिशात घालून पहिल्या पाळीला गेला आणि मुलीचा दहाचा तास बुडाला. दोन मुले असतील तर परीक्षा जवळ आलेल्याला फोन, दुसऱ्याला वही. रविवारच्या ‘रामायणा’च्या वेळी जे घडले असते तेच येथे घडले, फरक एवढाच की, या वेळी करमणूक बुडत नव्हती, शिक्षण बुडत होते. घरातील एक वस्तू सर्वांची असते तेव्हा तिच्यावरचा पहिला हक्क कमावत्याचा असतो, त्यानंतरचा मुलाचा, आणि मुलीचा सर्वांत शेवटी. म्हणूनच ज्या यंत्रावर मुलांनी शिकावयाचे ते घरात देण्यापेक्षा वस्तीच्या अभ्यासिकेत, शाळेत, शाळा सुटल्यानंतरच्या वेळांत उपलब्ध करून द्यावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. ‘क्लास’ प्रकल्पाची मूळ कल्पना चूक नव्हती. तिला शिक्षक, मराठी साहित्य आणि देखभाल यांची जोड मिळाली नव्हती, इतकेच.

आज मराठी अक्षर प्रत्येक यंत्रावर उमटते, वीज पूर्वीपेक्षा बरी आहे, यंत्रेही स्वस्त आहेत. स्पेक्ट्रमला नडलेल्या अडचणींपैकी निम्म्या दूर झाल्या. ज्या उरल्या त्या खरेदीच्या निविदेत दिसत नाहीत. नाशिक महानगरपालिका आणि जिल्हा परिषद यांच्या अंदाजपत्रकांत शाळांसाठी यंत्रे घेण्याची रक्कम जेथे छापली जाईल, तेथे तिच्या शेजारी आणखी तीन आकडे छापावेत अशी आमची मागणी आहे: त्या यंत्रांच्या दुरुस्तीसाठी दरवर्षी किती रुपये राखून ठेवले, ती वापरणाऱ्या शिक्षकाला किती तासांचे प्रशिक्षण दिले, आणि शाळा सुटल्यावर ती खोली किती वाजेपर्यंत उघडी राहणार आहे.